कागद न हलवणारी ओळ

१

एकोणतीस वर्षांपूर्वीच्या एका सकाळचं औषधपत्रक स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलं होतं. नव्या पांढऱ्या कागदावर छापलेलं, कोरं करकरीत. आणि त्यावरची एक रेघ गायब होती.

"काट होती, ताई," मेट्रन म्हणाली. "सात नंबरच्या इन्शुलिनवर आडवी काट होती. मी या डोळ्यांनी पाहिली."

प्रिंटरबाईंनी चष्मा पुसला आणि पान पुन्हा वाचलं. सात नंबर, इन्शुलिन, सकाळ-संध्याकाळ. अक्षरं स्वच्छ, त्यांच्यावर काही नाही.

मेट्रन ही त्यांची धाकटी बहीण. थोरल्या इस्पितळात छत्तीस वर्षं काढलेली, महिनाअखेरीस निवृत्त होणारी. प्रिंटरबाईसुद्धा त्याच इस्पितळातल्या. तळमजल्यावर प्रिंटरची खोली होती, तिथे त्यांनी सव्वीस वर्षं काढली. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी भाजीवालासुद्धा त्यांना प्रिंटरबाईच म्हणायचा.

सात नंबरच्या खाटेवरची बाई त्या सकाळनंतर दुसऱ्याच दिवशी गेली होती. तेव्हा कोणी काही विचारलं नाही. आता तिच्या मुलीने अर्ज केला होता की मला माझ्या आईचे कागद हवेत. त्या काळचे कागद केव्हाच रद्दीत गेले होते, पण प्रिंटरकडे जायचा सगळा मजकूर टेपांवर जपून ठेवलेला होता. त्या टेपा आता कोणाला वाचता येत नव्हत्या. म्हणून इस्पितळाने एका कंपनीला काम दिलं की जुन्या प्रिंटरची ती भाषा उलगडा आणि पानांच्या साध्या पीडीएफ फायली करून द्या. त्या फायलींत हे पान निघालं. इन्शुलिन लिहून दिलेलं, रद्द न केलेलं, आणि संध्याकाळच्या पत्रकात सात नंबरला ते दिल्याची नोंद नाही. वॉर्डात कामावर होती ती मेट्रन.

"उद्या अकराला समिती बसणार," मेट्रन म्हणाली. "हलगर्जीपणा ठरला तर परवाना जाईल. आणि वर्तमानपत्रात येईल ते वेगळंच."

"तू जेवलीस का?"

"ताई, मी काय सांगते आहे."

"ऐकलं मी. दोन्ही कानांनी. काट मारायचा अधिकार कोणाला होता?"

"वॉर्डातल्या डॉक्टरला. तोच खाटेचा नंबर दाबून रद्द करायचा. त्या महिन्यात आमच्याकडे आत्ताचे अधीक्षक होते, नवेनवे. ते म्हणतात, मी काही रद्द केल्याचं मला आठवत नाही."

प्रिंटरबाईंनी पान उचलून उजेडाकडे धरलं. त्यांच्या खोलीतून लाखो पानं निघाली होती. हिरव्या पट्ट्यांचा, कडेला भोकं असलेला कागद, शाईच्या फितीचा वास, आणि खोलीभर असा खडखडाट की घरी गेल्यावर नवरा म्हणायचा, अगं, मी शेजारीच बसलोय, ओरडतेस कशाला.

हे पान त्यांच्या प्रिंटरमधून गेलेलं होतं. आणि त्यांच्या प्रिंटरने कधी काट गाळली नव्हती.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "अजून दुपार व्हायची आहे."

२

अभिलेख खोलीत एक चाळिशीची बाई दोन पडदे लावून बसली होती. कंपनीने पाठवलेली. इस्पितळात तिला सगळे रूपांतरवाली म्हणत, आणि तिला ते आवडत नव्हतं असं दिसत होतं.

"माझ्या प्रोग्रॅमची चूक असणार, हेच म्हणायला आलात ना?" ती म्हणाली. "सकाळपासून तुम्ही तिसऱ्या."

"मी म्हणायला नाही, बघायला आले. तुम्ही पहिला अक्षर-रकाना वाचता की टाकून देता?"

रूपांतरवालीने खुर्ची वळवली. "तुम्हाला पहिला रकाना माहीत आहे?"

"माहीत असायला काय, मी त्याच्याबरोबर संसार केला."

मेट्रनच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, तेव्हा प्रिंटरबाईंनी तिला समजावलं. प्रिंटरकडे येणाऱ्या प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर कधीच छापलं जात नसे. तो प्रिंटरला दिलेला हुकूम असे. तिथे एकचा आकडा असला की नवं पान. कोरी जागा असली की कागद एक ओळ पुढे. आणि बेरजेचं चिन्ह असलं की कागद हलवायचा नाही, आहे त्याच ओळीवर पुन्हा छापायचं. काट अशीच मारली जायची. आधी औषधाची ओळ छापायची, मग कागद जागचा न हलवता त्याच्यावर नुसत्या रेघांची दुसरी ओळ.

"म्हणजे काट ही वेगळी ओळ होती?" मेट्रनने विचारलं.

"टेपेवर वेगळी. कागदावर एकच."

"आणि प्रोग्रॅमने ती दुसरी ओळ गाळली तर?"

"तर औषध पुन्हा जिवंत होतं," प्रिंटरबाई म्हणाल्या.

रूपांतरवालीने दुसरं एक पान उघडलं. त्याच सकाळचं, शेजारच्या वॉर्डाचं. त्यावर चार औषधांवर चार स्वच्छ आडव्या काटा होत्या. मग तिसरं पान. तिथेही दोन.

"बेरजेच्या चिन्हावर मी तीन आठवडे घातलेत," ती म्हणाली. "अकरा हजार पानं तपासली. एक काट सुटलेली नाही."

"मग या पानावरचीच कशी सुटली?"

"सुटली नाही. मूळ फायलीतच नाहीये. हे बघा." डाव्या पडद्यावर कच्चा मजकूर होता, टेपेवरून जसाच्या तसा उतरवलेला. सात नंबरची ओळ, आणि तिच्या खाली थेट आठ नंबरची. मध्ये काही नाही.

मेट्रन भिंतीला टेकली. इतका वेळ प्रिंटरबाई मनातल्या मनात रूपांतरवालीला दोषी धरून बसल्या होत्या, आणि ते सोयीचं होतं. यंत्राची चूक निघाली असती तर सगळे सुटले असते.

"मूळ टेप कुठे आहे?"

"उतरवून झाल्यावर टेपा नष्ट करायच्या, असं पत्रच होतं. मागच्या आठवड्यात गेल्या."

३

"पान खालपर्यंत सरकवा," प्रिंटरबाई म्हणाल्या.

तळाला, कोणी कधी वाचत नसे अशी बारीक अक्षरांची एक पट्टी होती. ओळी त्रेचाळीस, पावलं बेचाळीस.

ही पट्टी त्यांच्या रोजच्या कामाची होती. कागद मध्येच अडकला की पान वाया जायचं, आणि ते कळायला हेच दोन आकडे असत. संगणकाने किती ओळी पाठवल्या, आणि कागद किती पावलं पुढे सरकायला हवा. सव्वीस वर्षं त्यांनी पान फाडायच्या आधी हे दोन आकडे बघितले होते. आकडे न बघता फाडलेलं पान त्या खोलीत कोणी दाराबाहेर नेत नसे. नव्या मुलींना त्या पहिल्या दिवशी हेच शिकवायच्या.

"आता वरच्या ओळी मोजा," त्या म्हणाल्या. "ही पट्टी सोडून."

"हे आकडे कशाचे ते माहीत आहे मला, जुळवून मात्र कधी पाहिले नाहीत," म्हणत रूपांतरवालीने यंत्राला मोजायला लावलं. मेट्रनने बोटाने मोजल्या. दोघींचा आकडा एकच आला. बेचाळीस.

"एक ओळ कमी आहे," मेट्रन म्हणाली.

"एक ओळ कमी आहे, पण पावलं बरोबर आहेत," प्रिंटरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आपोआप खाली गेला. "साधी ओळ गेली असती तर तिचं पाऊलही कमी भरलं असतं. गेलेल्या ओळीने कागद हलवलाच नव्हता. कागद न हलवणारी ओळ एकच असते."

रूपांतरवालीचा हात माउसवरून निघाला.

"कोणीतरी काढली," ती म्हणाली. "टेप उतरवल्यानंतर. या संगणकावर."

"कोणाकोणाला उघडता येते ही फाइल?"

"तिघांना. मला, इथले कागद सांभाळणाऱ्या दप्तरींना आणि अधीक्षकांना. पासवर्ड एकच आहे. कोणी कधी उघडली, ते नोंदलं जात नाही."

दाराशी पाऊल वाजलं. दप्तरी हातात चहाचा कप घेऊन उभा होता, आणि तो किती वेळ उभा होता हे कोणालाच सांगता आलं नसतं.

४

दप्तरीचं आणि मेट्रनचं वीस वर्षं वाकडं होतं. तिने एकदा त्याची तक्रार केली होती, आणि त्याची बढती तेव्हा गेली ती गेलीच.

"मला आनंद झाला का? झाला," तो म्हणाला. मेट्रन बाहेर बाकावर बसली होती, आणि त्याने ते तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं. "खोटं कशाला बोलू? माणूस आहे. पण कागदात हात घातलेला नाही मी. उभ्या जन्मात नाही."

"रद्द झालेलं औषध कसं दिसायचं, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? शब्दांवरून आडवी रेघ. रबरी शिक्का मारल्यासारखी. तुमच्याच खोलीतून तर यायची पानं, बाई, आणि मला विचारता?"

"खालच्या ओळीत काही असायचं?"

"खाली कशाला असेल? खाली पुढचा रुग्ण." त्याने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

प्रिंटरबाईंनी मान डोलावली आणि जिन्याकडे निघाल्या.

अधीक्षक उठून उभे राहिले. उंच, केस पांढरे, बोलणं आता मऊ. नवे होते तेव्हा रोज सकाळी स्वतः तळमजल्यावर येऊन वॉर्डाचं पत्रक घेऊन जायचे. छापखोलीतल्या मुली त्यांना घाईवाले डॉक्टर म्हणायच्या.

"बसा, बाई. तुम्ही का आलात ते कळतं मला. बहीण आहे."

"साहेब, तुम्ही कच्च्या फायली पाहिल्यात?"

"त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. मी आपली छापील पानं पाहतो." त्यांनी पेन्सिल उचलली, ठेवली. "मेट्रनबद्दल मला वाईट वाटतं. पण कागदापुढे आपण काय करणार? काट असती तर सात नंबरच्या खालच्या ओळीत रेघा दिसल्या नसत्या का? तिथे थेट आठ नंबर आहे."

प्रिंटरबाईंनी ते वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

"समितीला हेच सांगितलंत?"

"लिहून दिलंय."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता.

बाकावर मेट्रनच्या पर्समध्ये समितीच्या कागदांची प्रत होती. त्यात अधीक्षकांचा जबाब होता, सहीनिशी. तिसऱ्या परिच्छेदात तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत.

"काय झालं?" मेट्रनने विचारलं. "तू पांढरीफटक पडली आहेस."

"उद्या मी सांगेपर्यंत तू तोंड उघडायचं नाही. कळलं?"

"मी साठीला आले, ताई."

"आलीस. तरी धाकटीच आहेस."

५

समितीच्या अध्यक्ष दुसऱ्या गावाहून आलेल्या एक निवृत्त डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या डावीकडे अधीक्षक, त्यांच्या पलीकडे ती मुलगी, जिची आई सात नंबरवर होती. मुलगी म्हणजे पन्नाशीची बाई, शिवणाच्या शाळेतली शिक्षिका. तिने अधीक्षकांच्या बाजूलाच खुर्ची ओढून घेतली होती, आणि आल्यापासून मेट्रनकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

प्रिंटरबाईंनी आधी रूपांतरवालीला शेजारच्या वॉर्डाचं पान दाखवायला सांगितलं. भिंतीवर दोन चित्रं उमटली. डावीकडे कच्ची फाइल, त्यात औषधाच्या ओळीखाली रेघांची स्वतंत्र ओळ. उजवीकडे छापील पान, त्यात रेघा औषधाच्या अंगावर बसलेल्या. मग त्यांनी तळाचे दोन आकडे समजावले. अध्यक्षबाईंनी स्वतः उठून ओळी मोजल्या. दोनदा.

"एक काट काढली गेली, हे मान्य," त्या म्हणाल्या. "पण ती सात नंबरचीच कशावरून? पानावर बारा औषधं आहेत."

"बाकीची अकरा त्या दिवशी दिली गेली. संध्याकाळच्या पत्रकात नोंद आहे. रद्द झालेलं औषध कोणी देत नाही. आणि त्याच पत्रकात आणखी एक ओळ आहे, ती कोणी हलवली नाही कारण ती सात नंबरची नाही. सतरा नंबर, ग्लुकोज. सतरा नंबरला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं होतं, तिथेच लिहिलंय. त्याचं इन्शुलिन थांबवायला हवं होतं. ते थांबलं नाही, म्हणून रक्तातली साखर उतरली आणि ग्लुकोज द्यावं लागलं. ज्याचं थांबवायचं त्याचं चालू राहिलं, ज्याचं चालू ठेवायचं त्याचं थांबलं."

अध्यक्षबाईंचं पेन थांबलं. त्या डॉक्टर होत्या, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

"ओळ कोणी काढली?" त्यांनी विचारलं.

"फाइल तिघांना उघडता येत होती. रूपांतरवाली बाईंना तळाचे आकडे कळतात. त्यांनी ओळ काढली असती तर आकडाही बदलला असता. दप्तरींना मेट्रनचं वाईट झालेलं चालेल, ते स्वतःच सांगतात. पण काट ही वेगळी ओळ असते हेच त्यांना माहीत नाही. त्यांच्या लेखी ती शब्दांवरची रेघ."

दप्तरी दाराजवळ उभा होता. "तेच म्हटलं मी काल," तो पुटपुटला.

"कागद पाहणारा प्रत्येक जण हेच म्हणेल," प्रिंटरबाई म्हणाल्या. "कागदावर काट असो वा नसो, सात नंबरखाली आठ नंबरच येतो. रेघा खालच्या ओळीत दिसतात त्या फक्त कच्च्या फायलीत. साहेबांनी मला सांगितलं की कच्ची फाइल त्यांना कळत नाही. आणि त्यांच्या सहीच्या जबाबात लिहिलंय की काट असती तर खालच्या ओळीत रेघा असत्या."

अध्यक्षबाईंनी जबाब काढून तिसरा परिच्छेद मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर तो कागद त्यांनी अधीक्षकांपुढे सरकवला.

अधीक्षकांनी त्याला हात लावला नाही.

"सतरा दाबायचं होतं," ते शेवटी म्हणाले. "एकचा आकडा उठलाच नाही, नुसता सात उठला. त्या दिवशी मला कळलं नाही. खरंच नाही कळलं. अर्ज आल्यावर पान उघडलं, नुसतं खात्री करायला. आणि ती ओळ समोर. पंचवीस वर्षं मी मुलांना शिकवतोय की औषध रद्द करताना नंबर दोनदा वाचा." त्यांनी कपाळावर हात धरला. "एक बटण दाबलं, ओळ गेली. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं."

मग अध्यक्षबाईंनी फाइल मिटली.

"मेट्रनबाईंवर ठपका राहत नाही. त्यांनी रद्द केलेलं औषध दिलं नाही. तसंच करायचं असतं."

प्रिंटरबाईंच्या खांद्यांवरून कोणी पोतं उतरवल्यासारखं झालं. त्यांनी पर्स उचलली. आता बहिणीला घरी न्यायचं, जेवू घालायचं, आणि दुपारभर झोपवायचं.

"थांबा," मेट्रन म्हणाली.

प्रिंटरबाईंनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. जोरात. मेट्रनने पाय काढून घेतला.

"काट मी पाहिली," ती म्हणाली. ती अध्यक्षबाईंशी बोलत नव्हती, त्या मुलीशी बोलत होती. "पाहिली तेव्हाच मला ती विचित्र वाटली. सात नंबरला रोज दोन वेळा इन्शुलिन लागायचं, ते असं एकाएकी कसं थांबेल? मनात आलं, जाऊन विचारावं. पण आदल्या दिवशी डॉक्टर माझ्यावर सगळ्यांदेखत ओरडले होते, प्रश्न फार विचारते म्हणून. मी म्हटलं, कागदावर आहे ना, मग झालं. मी विचारलं नाही."

"मेट्रनबाई, हे सांगायची गरज नव्हती," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या.

"मला होती."

आपण रात्रंदिवस आकडे जुळवून बहिणीला काठावर आणलं आणि तिने पुन्हा पाण्यात उडी घेतली, असं प्रिंटरबाईंना वाटलं. रागाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांनी पर्स परत खाली ठेवली, कारण ती मुलगी पहिल्यांदाच मेट्रनकडे बघत होती.

"आई शेवटी शुद्धीत होती?" मुलीने विचारलं.

"पहाटेपर्यंत. फार तहान लागली होती तिला. मी पाणी दिलं की ग्लास माझ्या हातातून घ्यायची, स्वतः धरायची. मी धरलेला चालायचा नाही."

"नाहीच चालायचा," मुलगी म्हणाली. "घरी पण कोणाला धरू द्यायची नाही. भांडायची त्यावरून."

तिने खुर्ची उचलली. अधीक्षकांच्या शेजारून ती टेबलाला वळसा घालून आली आणि मेट्रनच्या समोर खुर्ची ठेवून बसली.

"पहाटेपर्यंतचं सांगा," ती म्हणाली. "सगळं. मला घाई नाही."